पाखरं गान्यानं उडत न्हाईत

भोरड्या आल्या.

काल संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले, तर पाण्याच्या टाकीवर, डिशच्या छत्र्यांवर, मोबाइलच्या टॉवरवर, जिथे म्हणून पाय टेकायला जागा तिथे त्याच. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. लांबून पाहिलं तर वाटावं, गुलाबी लुगड्यांवर काळ्या शाली घेऊन बायका लग्नाला आल्यात. आणि लग्नातल्या बायकांसारख्याच सगळ्या एकदम बोलत होत्या, ऐकत एकही नव्हती. मी टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले. मग काय झालं कुणास ठाऊक, सगळ्या एकदम उठल्या. घोंगडी झटकावी तसा आवाज झाला आणि आभाळात एक मोठा काळा रुमाल उडाला, दुमडला, उलगडला, नदीच्या बाजूला कलला आणि परत वळला.

आमच्या इमारतीतल्या अर्ध्या लोकांना ही साळुंकीच वाटते. भावकीतली असेल तिच्या, पण साळुंकी संसारी, दोघंदोघं फिरणारी. भोरडी एकटी सहसा दिसायची नाही. संक्रांत उलटून ज्वारीच्या कणसात दाणा भरला की ती थव्यानं यायची आणि थव्यानं जायची. आता ज्वारी इकडे शोधावी लागते. चाकणच्या पलीकडे कुठेतरी एखादा तुकडा दिसतो, दोन कंपन्यांच्या भिंतींच्या मध्ये अडकलेला. भोरड्यांना हे कुणी कळवलेलं दिसत नाही. त्या अजून येतात.

आमची इमारत मोशीत, बारा मजल्यांची. माझ्या सासरच्या शेतावरच उभी आहे. जिथे लिफ्ट आहे, साधारण तिथेच आमचा माळा होता. माळा म्हणजे बाभळीचे चार वासे पुरून, वर आडवी लाकडं आणि ज्वारीच्या वाळल्या ताटांचं सरमाड टाकून केलेली बैठक. पिकात पाखरं कुठे उतरली ते दिसावं म्हणून उंच. लिफ्टमध्ये शिरले की अजून मला माळ्यावर चढल्यासारखं वाटतं. फक्त शिडी नसते, आणि शेजारी दूधवाला असतो.

त्या माळ्यावर पहिल्या वर्षी जी राखणीला बसली, तिची ओळख करून देते. नवी नवरी, जेमतेम अठराची. माहेर काळेवाडी, वडील पिंपरीच्या एका कंपनीत, म्हणून स्वतःला शहरातली समजणारी. काळेवाडीत तेव्हा शहर म्हणण्यासारखं एक पिठाची गिरणी आणि दोन किराणा दुकानं होती, पण तिला तेवढं पुरत होतं. पिंपरीत एका पेटीमास्तरांकडे ती तीन महिने गाणं शिकली होती आणि त्या तीन महिन्यांवर उरलेलं आयुष्य काढायचा तिचा बेत होता. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिला एकदा टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्या तिने लग्नाच्या ट्रंकेत घालून मोशीला आणल्या. मी तिला काळेवाडीकरीण म्हणते. माझं आणि तिचं कधी जमलं नाही.

राखणीचं काम आत्याबाईंनी दिलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. बारीक अंगकाठी, नऊवारीचा काचा, बोलणं मोजकं. शेताच्या पूर्वेला माळा, तो मला, म्हणजे त्या काळेवाडीकरणीला. पश्चिमेच्या बांधावर त्या स्वतः, गोफण घेऊन. गोफण आता मुलांना चित्रातच दिसते म्हणून सांगते, दोरीच्या मधोमध विणलेली झोळी असते, तीत खडा ठेवायचा, डोक्यावर गरगर फिरवायची आणि दोरीचं एक टोक सोडायचं. खडा कुठे पडतो याला फारसं महत्त्व नाही. टोक सुटताना जो फटकारा बसतो त्यानं पाखरं उठतात. आत्याबाईंनी मलाही एक गोफण दिली होती. मी मारलेला पहिला खडा पुढे जायच्या ऐवजी मागे गेला आणि आमच्याच म्हशीला लागला. त्यानंतर तिने माझ्या हाताला कधी दूध दिलं नाही. गोफण परत गेली आणि पत्र्याचा डबा आला, बडवायला. काळेवाडीकरणीला डबा बडवणं कमीपणाचं वाटलं. राहिला गळा.

राखणदार हाकारा घालतात, हो हो हा हा असं ओरडतात. पण ओरडणंही शहरातल्या बाईला शोभणारं नव्हतं. म्हणून तिने हाकाऱ्याला सूर लावला. खालच्या सा वरून निघायचं, पायरी पायरीने चढत वरच्या सा ला पोचायचं आणि तिथे तो 'हा' लांबवायचा, पेटीमास्तरांनी सांगितलं होतं तसा, छातीतून. आणि सांगते काय, थवा उठायचा. ती वरच्या सा ला पोचायची आणि इकडून तिकडून सगळी ज्वारी काळी होऊन आभाळात जायची. एकदा नाही, दोनदा नाही, रोज. आता मला सांगा, अठरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात यानंतर दुसरं काय शिरणार? तिने ठरवून टाकलं की पाखरांना गाणं कळतं, आणि ते आपलंच कळतं. थव्यातली एक भोरडी तिने म्होरकी म्हणून निवडली होती. तिच्याकडे बघून ती गायची. रोज वेगळीच भोरडी असणार ती, पण काळेवाडीकरणीला रोज तीच दिसायची.

त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. पहाटेच्या दवाने ओली झालेली ज्वारीची पानं, त्यांचा हिरवट गोड वास, आणि उन्हं चढली की तोच वास वाळत जाऊन पिठासारखा व्हायचा. पानांच्या कडा हाताला चिरायच्या. आंघोळीच्या वेळी गरम पाणी पडलं की कोपरापासून मनगटापर्यंत बारीक चरचर. दुपारी आत्याबाई बांधावर आगटी करून दोन कणसं भाजायच्या, तळहातावर चोळायच्या, फुंकर मारून कोंडा उडवायच्या आणि गरम हुरडा माझ्या पदरात टाकून आपल्या टोकाला परत जायच्या. मी माळ्यावर पाय सोडून खायची आणि स्वतःवर खूश असायची. आत्याबाईंना आपल्या गाण्यातलं काय कळणार, याचं मला अधूनमधून वाईटही वाटायचं.

हे सगळं या वर्षी इतकं वर आलं ते माझ्या नातीमुळे.

सई माझी नात, मुलाची मुलगी. चाकणच्या एका कंपनीत आहे. तिथे यंत्रांचे हात गाड्यांचे भाग जोडतात. त्या हातांनी कधी, कुठे, किती वळायचं ते ही त्यांना लिहून देते. दिवसभर असं वळण लावून झालं की संध्याकाळी घरी येऊन ती ज्याला कुणाचंच वळण नाही असल्या गोष्टी करत बसते. एकदा तिच्या खोलीत चहा घेऊन गेले, तर भिंतीवर काळोख पाडलेला आणि त्या काळोखात पांढरे ठिपके फिरत होते. शेकडो. एकत्र यायचे, ताणले जायचे, फुटायचे, पुन्हा जुळायचे. आणि त्यातून सूर येत होते. पेटी नाही, सतार नाही, पण सूर.

मी कप ठेवायचा विसरले. म्हटलं, या तर भोरड्या.

सईने मग समजावलं. हा प्रत्येक ठिपका म्हणजे एक पाखरू. पाखरू पडद्यावर जितकं उंच तितका त्याचा सूर उंच. दाटीने उडाली की सूर एकमेकांना घासतात, पांगली की शिंतोड्यासारखे पडतात, थव्याचे दोन भाग झाले की दोन चाली निघतात. समोर अंधारातही दिसणारा कॅमेरा असतो. ऐकणाऱ्याने हात हलवला की त्या बाजूची पाखरं बिचकून उडतात, हात स्थिर राहिला की हळूहळू त्याच्याकडे येतात. म्हणजे गाणं आधीचं ठरलेलं नाहीच. समोर कोण बसलंय आणि ते काय करतंय, त्यावर ते तिथल्या तिथे होतं. मी विचारलं, एवढ्या पाखरांना कुठे उडायचं ते तू एकेकाला सांगतेस? ती म्हणाली, नाही आजी, प्रत्येकाला फक्त तीन गोष्टी सांगितल्यात. शेजारच्याला धडकू नको. शेजारचे जातात त्या दिशेने जा. आणि सगळ्यांपासून फार लांब पडू नको.

"एवढंच? अगं, हे तर मला लग्नात पाठवणीच्या वेळी सांगितलं होतं."

ती इतकी हसली की तिचा हात हलला आणि भिंतीवरची सगळी पाखरं एका कोपऱ्यात पळाली.

पण यात म्होरक्या कुणी नाही, हे काही मला पटेना. एवढा थवा वळतो म्हणजे कुणीतरी वळा म्हणत असणारच. सईने वाद घातला नाही. एके दिवशी मला गाडीत घालून चाकणला घेऊन गेली आणि कंपनीसमोरच्या टपरीवर चहा पाजत उभी केली. भोंगा झाला. दुपारची शिफ्ट सुटली. फाटकातून दुचाक्यांचा लोंढा निघाला, निळे शर्ट, पाठीला डब्याच्या पिशव्या. समोरून नव्या गाड्या लादलेला लांबलचक ट्रेलर आला, तर लोंढा मधोमध फाटला, त्याला वळसा घालून पुन्हा एक झाला आणि पुलाखाली शिरला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. कुणी कुणाला लागलंही नाही. सई म्हणाली, आता सांग, यातला म्होरक्या कोण? मी म्हटलं, ज्याच्या घरी आज मटण शिजलंय तो. पण मनातून मला तिचं पटलं होतं. आणि काळेवाडीकरणीच्या म्होरकीचा मी त्याच टपरीवर निकाल लावून टाकला.

सईने हे सगळं पहिल्यांदा लोकांसमोर केलं ते गणपतीत, आमच्या सोसायटीच्या मांडवात. मांडवात मोठा पडदा लावला, तिचा मित्र ओंकार याने स्पीकर जोडून दिले. सईने माइकवर सांगितलं की हात हलवा, पाखरं तुमचं ऐकतील. झालं. सगळा मांडव एकदम हात हलवायला लागला. पोरं खुर्च्यांवर चढली. आता शंभर माणसं शंभर बाजूंनी हाकलायला लागली तर पाखरांनी जायचं कुठे? ती पडद्याच्या मधोमध गोळा होऊन थरथरत राहिली, आणि त्यातून जे वाजलं ते मिक्सर आणि कुकर एकदम लावल्यासारखं. आपण हात हलवल्याने काही झालं असं कुणालाच दिसेना. पाचएक मिनिटांनी लोक हात खाली घेऊन वड्याच्या रांगेकडे बघायला लागले.

कदमकाका आमचे सेक्रेटरी. जन्मभर कारखान्यात फोरमन होते. माणूस वाईट नाही, पण कुठलीही वस्तू दिसली की ती उलटी करून बघायची सवय जात नाही. ते पहिल्या रांगेत होते. शेजारच्याला म्हणाले, पण आवाज फोरमनचा, मांडवभर गेला.

"टेप लावलीये राव. चांगली आहे, पण टेप आहे."

सईने ऐकलं. तिने वायरी गुंडाळल्या, स्पीकर टेम्पोत चढवले, वर येऊन जेवली. नंतर कितीतरी दिवस तिच्या भिंतीवर नुसती भिंत होती. कंपनी, जेवण, झोप. एकदा मी तिच्या डोक्याला तेल लावत होते तेव्हा आपणहून म्हणाली, "वाईट म्हटलं असतं तर चाललं असतं गं. त्यांनी खोटं म्हटलं."

मी तेल चोळत राहिले. माझा अनुभव नेमका उलटा होता. माझी पाखरं माझं अजिबात ऐकत नव्हती आणि मला ती ऐकताहेत असं वाटत होतं. हिची खरोखर ऐकत होती, आणि लोकांना पटत नव्हतं.

माझं मला कसं कळलं, तेही सांगून टाकते. त्या पहिल्याच हंगामात आत्याबाई एक दिवस तापाने फणफणल्या. राखणीला मी एकटी. मी नेहमीसारखी खालून निघाले, वरच्या सा ला पोचले, 'हा' लांबवला. भोरड्या खात होत्या. पुन्हा गायले. खातच होत्या. एकीने तर मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कणसात चोच घातली. संध्याकाळपर्यंत माळ्याच्या पायथ्याच्या दोन-चार ओळींत नुसती दांडकी राहिली होती. आणि काळेवाडीकरणीने यावरून काय निष्कर्ष काढावा? की आज आपला घसा बसलाय. घरी येऊन ती हळदीचं दूध प्यायली.

खरं कारण कळायला पुष्कळ वर्षं गेली. आत्याबाई तेव्हा थकल्या होत्या, उन्हात बसून माझ्याबरोबर धान्य निवडायच्या. मुलं मोठी झाली होती, शेताच्या चारी बाजूंना कारखान्यांचे पत्रे चढत होते. गच्च भरलेल्या सुपातून खडे काढता काढता मी सहज म्हटलं, आत्याबाई, माझ्या गाण्याने पाखरं कशी उडायची, आठवतं? त्यांनी सूप खाली ठेवलं.

"अगं, पाखरं गान्यानं उडत न्हाईत. तू वरचा सूर लावायचीस अन् मी हिकडनं गोफन सोडायची."

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही?

"तुझं मन लागंना हितं. रोज सांजच्याला काळेवाडीकडं तोंड करून बसायचीस. गान्यात रमतीय तर रमू दे म्हटलं. पाखरं काय, उठवायचीच व्हती."

मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. फसवलं म्हणून राग. मग एकदा भाकरी थापताना हात थांबला. दोन टोकांना दोघी, मध्ये सगळं शेत. वरचा सूर बरोबर कधी लागतो ते कळायला त्यांना माझी खालची प्रत्येक पायरी ऐकावी लागत असणार. आधी सोडली असती तर सूर अर्ध्यावर राहिला असता, उशीर झाला असता तर मला शंका आली असती. एवढ्या हंगामात त्यांची गोफण एकदाही आधी सुटली नाही की नंतर. माझं गाणं इतकं लक्ष देऊन आजवर दुसऱ्या कुणी ऐकलेलं नाही. पेटीमास्तरांनी तर नाहीच, ते झोपायचे.

तर सई. ओंकारने खटपट करून चिंचवडमधल्या एका लहान सभागृहातली एक संध्याकाळ मिळवली. सई नको म्हणत होती. मग तयार झाली, पण मला सांगून ठेवलं की या वेळीही लोकांना ते टेप वाटलं तर सगळं बंद, मग फक्त कंपनी. तिच्या आवाजात रडं नव्हतं, म्हणून मला जास्त भीती वाटली. ओंकार म्हणत होता, सुरुवातीला सगळं समजावून सांग. तिला ते नको होतं. समजावून सांगितलं की गाणं राहत नाही, ट्रेनिंग होतं, म्हणाली. त्यापेक्षा पहिल्यांदा एकच माणूस पुढे येईल, एकच हात करेल, आणि त्या हाताने काय होतं ते बाकीचे बघतील. ते एक माणूस कोण? तर मी. कारण म्हणे आजी लाजत नाही.

आता मला फक्त हात करायचा होता. एवढं साधं काम. पण सत्तरी उलटली तरी काळेवाडीकरीण मेली नव्हती, आत दबा धरून बसली होती. तिने हिशेब केला, की आत्याबाईंच्या शेतातली ती अडाणी पाखरं होती, त्यांना गाणं कळलं नाही, ठीक आहे. ही तर गाण्यातलीच पाखरं. यांना तरी कळेल. मी कुणाला न सांगता आठवडाभर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. सुनेला वाटलं, दाढ दुखतेय.

सभागृहात गारठा होता. मी शाल घट्ट गुंडाळून घेतली होती. लोक बऱ्यापैकी होते, बरेचसे तरुण, मध्ये आमच्या सोसायटीची एक रांग आणि त्या रांगेत हाताची घडी घालून कदमकाका. अंधार झाला. पडद्यावर खालच्या कडेला सगळी पाखरं ओळीने बसलेली, आणि त्यातून एकच खालचा सूर येत होता, तंबोऱ्यासारखा. सईने नुसतं म्हटलं, माझी आजी. मी रंगमंचावर गेले. समोर एक माइक होता. तो सईसाठी होता, पण मला वाटलं, चला, सोय केलेली दिसते.

मी खालच्या सा वरून निघाले. आवाज फाटला होता, तरी चढले. वरच्या सा ला पोचले आणि 'हा' लांबवला.

पाखरं बसून होती. एकही हलली नाही. तो खालचा सूर तसाच चालू. मी पुन्हा गायले. मागे कुणीतरी खुदकन हसलं. मग कदमकाकांचा आवाज आला, या वेळी त्यांनी दबक्या आवाजात बोलायचा खरंच प्रयत्न केला होता.

"बघा, म्हटलं नव्हतं?"

नातीने विश्वासाने एक काम दिलं आणि मी तेच बुडवलं. मी बाजूला पाहिलं. ओंकारचा हात यंत्राच्या कळेकडे गेलेला दिसला. एक कळ दाबली असती तर पाखरं उडाली असती, आजीचंही हसं झालं नसतं, आणि कुणाला काही कळलं नसतं. सईने त्याच्या हातावर आपला तळवा ठेवला. जोर नाही, नुसता ठेवला. आणि माझ्याकडे बघत राहिली.

आत्याबाईंनी गोफण सोडली ती माझं मन मोडू नये म्हणून. सईने ओंकारचा हात धरला तो माझ्यावर भरवसा म्हणून. मला त्या क्षणी हे इतकं सुसंगत सुचलं असं समजू नका, हे आता चहा पिताना लिहितेय. त्या क्षणी मला फक्त आत्याबाईंचं सूप खाली ठेवणं दिसलं. पाखरं गान्यानं उडत न्हाईत. अगं म्हातारे, हात कुठे आहेत तुझे? हात शालीत होते.

मी उजवा हात बाहेर काढला, डोक्यावर नेला आणि गोफण फिरवावी तसा गरगर फिरवून मूठ उघडली.

उजवीकडचा सगळा थवा उठला. खालचा सूर तुटला आणि वर, खूप वर, बारीक बारीक सुरांची झोड उठली. पडद्याच्या डाव्या टोकाला जाऊन थवा वळला, वळताना सूर एकमेकांत मिसळून जाडसर झाले आणि परत पातळ होत गेले. मी हात तसाच वर धरून उभी राहिले, स्थिर. ती हळूहळू माझ्याकडे आली. कान लावून ऐकावं लागेल इतकं हळू वाजत आली.

सभागृहात लोक हसले, पण आता वेगळं हसले. कारण सगळ्यांना दिसलं होतं की ही बाई दोनदा जीव तोडून गायली तरी ढिम्म हललं नाही, आणि नुसता हात केला तर एवढं झालं. टेप असती तर ती बाईच्या गाण्यावर तरी कशाला गप्प बसली असती? मला हसायचं की सईला शाबासकी द्यायची, हे त्यांना ठरवता येईना, म्हणून दोन्ही चाललं होतं.

मग सोसायटीच्या रांगेतून एक हात वर आला. कदमकाकांचा. त्यांनी तो चाचणी घेतल्यासारखा वर केला, थांबले. डावीकडची मूठभर पाखरं बिचकून उडाली, तीन-चार सूर टपटपले. त्यांनी हात खाली घेतला. पुन्हा वर केला. पुन्हा टपटप. आयुष्यभर बरोबर चालणारं यंत्र बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं तेच आलं असणार, अंधारात मला दिसलं नाही. पण त्यानंतर त्यांनी हात खाली घेतलाच नाही. शेजारणीने आपला हात वर करू पाहिला तर म्हणाले, थांबा हो वहिनी, एकेकाने, ती घाबरतात. पुढे बराच वेळ लोक असेच एकेकाने हात करत होते, एकमेकांना वाट देत, कुणी कुणाला धडकत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं.

सई मला म्हणाली होती की शेवट कसा होईल ते तिलाही माहीत नसतं. शेवट असा झाला की सगळ्यांचे हात वर होते आणि सगळे स्थिर. पाखरं पडदाभर पसरून हळूच वाजत राहिली. टाळी वाजवायची तर हात हलवावा लागणार, म्हणून बराच वेळ कुणी टाळी वाजवली नाही.

घरी येताना मोशीच्या चौकात नेहमीसारखी गाड्यांची कोंडी होती. त्या कोंडीत मी सईला आत्याबाईंची गोष्ट सांगितली. माळा, म्हैस, वरचा सा, आणि पलीकडच्या टोकाची गोफण. कोंडी सुटली तेव्हा ती म्हणाली की भिंतीवरच्या पाखरांची थोडी दुरुस्ती करायची आहे, उद्यापासून बसते. मी बरं म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

काल भोरड्या उडून परत आल्या तेव्हा सई कामावरून आलेली होती. तीही गच्चीवर आली, दोरीवरचे उरलेले कपडे काढायला लागली. मी कठड्याशी उभी. खाली जिथे ज्वारी असायची तिथे पार्किंगचे पत्रे, पलीकडे नदीकाठची झाडं, त्यापलीकडे धुरकट ऊन. टाकीवर, छत्र्यांवर, टॉवरवर भोरड्या पुन्हा दाटीने बसलेल्या, सगळ्या एकदम बोलत. मी कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, अगदी हळू, खालच्या सा वरून निघाले. एकेक पायरी चढत गेले. वरच्या सा ला पोचले.

मागे टॉवेल झटकल्याचा फटकारा झाला आणि सगळ्या भोरड्या उठल्या.

मी मागे वळून पाहिलं नाही. 'हा' लांबवला.